गॅरेजचा मोकळा पैसा

नफा हा शब्द मला आवडत नाही. वर्गात तो मी वर्षानुवर्षं शिकवला, व्याख्येसकट, पण भावाच्या गॅरेजशी संबंध आल्यापासून त्या शब्दावरचा माझा विश्वास उडाला. भंडाऱ्याचे सीए दरवर्षी ताळेबंद पाठवायचे, त्यात खाली ठळक अक्षरात नफा असायचा, आणि त्याच आठवड्यात भावाचा फोन यायचा, "बाई, या महिन्यात थोडे टाकशील काय? पोरायचा पगार कराचा आहे." बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. नफा आहे म्हणतात तर पगाराला पैसे का नाहीत, या एका प्रश्नाने माझं डोकं खाल्लं.

भाऊ माझ्याहून धाकटा, म्हणून मला 'बाई' म्हणतो. आयटीआय करून तो काही वर्षं नागपूरच्या एका सर्व्हिस सेंटरात राबला आणि लाखांदूरला परत आला. त्याला स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं, पैसे नव्हते. वडिलांनी माझ्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम बँकेत पडून होती. लग्न मी केलं नाही. का केलं नाही ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मी इथे सांगणार नाही. रक्कम मी त्याला देऊन टाकली, उसनी म्हणून नव्हे, भांडवल म्हणून. काही कामं कंपनीशिवाय मिळत नाहीत म्हणून त्याने गॅरेजची कंपनी नोंदवली आणि आम्ही दोघं तिचे संचालक झालो. लोक मात्र 'बहिणीच्या लग्नाच्या पैशावरचं गॅरेज' असंच म्हणायचे. मला त्याचं हसू यायचं.

मी साकोलीला खोली घेऊन राहत होते आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉमर्स शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि तेही येतील तेव्हा. माझ्या मागून आलेली माणसं कायम झाली, मी तासिकाच मोजत राहिले. मनातून मला त्या नोकरीचा वीट आला होता. मला गॅरेजच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं होतं. बिलं बघायची होती, सुटे भाग कुणाकडून किती उधारीवर आणायचे ते ठरवायचं होतं, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची होती. हे मी कुणाला बोलले नव्हते. पण कंपनीला एक माणूस जास्तीचा पोसता आला पाहिजे, त्याशिवाय भावाच्या घासात वाटा मागायचा नाही, हे मी पक्कं केलं होतं.

म्हणून मी मोकळा पैसा बघायला लागले. पुस्तकात त्याला मुक्त रोख प्रवाह असं भारदस्त नाव आहे. गोष्ट सोपी आहे. कामाचे जे पैसे खरोखर हातात पडले, त्यातून धंदा चालवायला गेलेले वजा करायचे, मग यंत्रं-हत्यारं घ्यायला गेलेले वजा करायचे. उरलं ते मोकळं. ते वाटेल तिथे घाला, कुणी हात धरणार नाही. नफ्यात न मिळालेले पैसेही मिळाले म्हणून धरलेले असतात. मोकळ्या पैशात तसं चालत नाही. मी जुन्या वर्षांपासूनचे बँकेचे उतारे मागवले, लॅपटॉपवर तक्ता केला, प्रत्येक वर्षाचा आकडा काढला आणि त्याची रेघ ओढली. रेघ शून्याच्या खाली होती. कधी फार खाली, कधी थोडी खाली, पण वर नाहीच.

ती रेघ वर आली की नोकरी सोडायची, असं मी स्वतःशी ठरवलं. आणि तिथून माझी शांती गेली.

कंपनीच्या खात्याचे मेसेज माझ्या फोनवर यायचे. पैसे आले की टुण, गेले की टुण. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना टुण वाजलं की माझा खडू थांबायचा. आले की गेले? परीक्षेला सुपरव्हिजन करताना पोरांचे फोन बाहेर ठेवायला लावायचे आणि स्वतःचा पदराआड धरून बघायचे. महिना संपला की भावाला फोन करायचा आणि विचारायचं, "किती राह्यले?" इकडचं तिकडचं बोलणं नंतर. कधी कधी नंतरही नाही.

"सांगतो ना, बाई," तो म्हणायचा. "जेवली काय तू?"

"ते सोड. किती राह्यले?"

रेघ खाली का, हेही मला ठाऊक होतं. कारण गॅरेजच्या मागच्या खोलीत रॅकवर बसलं होतं. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. लेकी-जावई, पाहुणे येतात, आणि रात्री नाटक असतं. ही नाटकं करणाऱ्या मंडळ्या नदीपलीकडच्या वडशातून निघतात आणि होळीपर्यंत रोज नव्या गावाला जातात. पडदे, लाइट, कपडे, नट, सगळं जुन्यापान्या गाड्यांमधून. त्या गाड्या इतक्या म्हाताऱ्या की मोठ्या सर्व्हिस सेंटरवाले त्यांना दारात उभं करत नाहीत. त्या बंद पडल्या की आमच्या गॅरेजला यायच्या. आणि नाटकाची गाडी आली की हातातलं काम खाली ठेवायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. मोटरसायकलवाला गिऱ्हाईकही कुरकुर करत नाही, कारण कदाचित त्याच्याच सासुरवाडीला ते नाटक असतं.

आता अशी गाडी चार तासांत उभी करायची तर तिचा क्लच, बेअरिंग, पंप, सगळं आधीपासून घरात असावं लागतं. म्हणून भाऊ दर सप्टेंबरात नागपूरला जायचा आणि रॅक भरून टाकायचा. त्यातलं अर्धं लागायचं, अर्धं तसंच राहायचं. मंडळीवाले पैसे द्यायचे होळीनंतर, त्यातही कुणाचा सीझन बुडाला की पुढच्या होळीनंतर. सीएच्या कागदावर हा सगळा माल मालमत्ता होता. माझ्या तक्त्यात तो निव्वळ गेलेला पैसा होता.

"कायले एवढे भरून ठेवतं?" मी भांडायचे. "लागन तवा आणावं."

"नाटक रातले अन् क्लच उद्या, असं चालत नाई, बाई. लोक मंडपात येऊन बसतेत."

"लोक मंडपात बसतात, पैसा रॅकवर बसतो."

तो हसायचा आणि मान हलवायचा. मग सप्टेंबरात पुन्हा टुण, टुण, टुण, सगळे गेलेले. पालथ्या घड्यावर पाणी. मी सांगून सांगून थकले नाही, हाच माझा दोष म्हणा की गुण म्हणा.

मग एका वर्षी मार्च संपला, मी आकडा काढला, आणि तो शून्याच्या वर आला.

फार नाही, अगदी जेमतेम. मी तीनदा तपासला. एखादी रक्कम दुसऱ्या खात्यात धरली गेली असेल, कुणी आगाऊ दिले असतील, असं काही सापडेना. मंडळ्यांचे जुने पैसे आले होते आणि यंत्रांवर खर्च नव्हता. भावाला फोन केला तर तो नुसतं "हव" म्हणाला. एवढंच? मला वाटलं होतं तो नाचेल. मी मनाला लगाम घातला. एक वर्ष म्हणजे काही नाही, सप्टेंबर येऊ दे, सप्टेंबर आपल्याला दरवर्षी बुडवतो.

त्या पावसाळ्यात मी माणसात नव्हते. धान रोवणीच्या दिवसांत गॅरेजला तसंही काम कमी असतं, टुण क्वचित वाजायचं, आणि न वाजण्यानेही मला धडकी भरायची. ऑगस्ट गेला. सप्टेंबर लागला. मी रोज सकाळी उठून खातं बघायचे. नागपूरला जायचे पैसे आज निघतील, उद्या निघतील. निघाले नाहीत. महिना संपला तरी निघाले नाहीत. खात्यात जेवढे पैसे उभे होते तेवढे मी त्या कंपनीच्या जन्मात कधी पाहिले नव्हते.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, अखेर माझं ऐकलं. एवढी वर्षं कानीकपाळी ओरडले, तेव्हा कुठे घोडं गंगेत न्हालं. आता लागेल तसा माल येणार, रॅकवरचा पैसा सुटणार. मला फोन करून त्याचं कौतुक करावंसं वाटलं, पण मी गप्प बसले. मला समोर जाऊन सांगायचं होतं.

दसऱ्याला मिस्त्री पोरं गॅरेजात पान्यांना झेंडूच्या माळा घालतात. आमचं घर त्या दिवशी नागपूरला, दीक्षाभूमीवर असतं. तिथल्या गर्दीत भाऊ भेटला. वाळला होता. मला म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीत ये. तुह्याशी काम आहे."

"माझंही तुझ्याशी काम आहे," मी म्हणाले. आम्ही दोघं आपापलं काम पोटात ठेवून शेजारी शेजारी खिचडी खाल्ली.

दिवाळीत मला जाता आलं नाही, पेपर तपासायचे होते. मध्येच भावजयीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही ह्यांच्यावर रागावल्या काय?" मी म्हटलं, छे गं, कशाला? तिने लगेच विषय बदलला. मला तेव्हा खोदून विचारायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात प्राचार्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा चालला होता.

सुट्टी संपल्यावर कॉलेज उघडलं त्याच दिवशी मी राजीनामा दिला. प्राचार्यांनी कागद वाचला, "बरं," म्हणाले, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे द्यायची ते सांगितलं. एवढ्या वर्षांचा निरोप पाच मिनिटांत उरकला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी स्टँडवर येऊन पेढे घेतले आणि लाखांदूरची एसटी धरली. दिघोरीला मंडईचा मंडप उभा राहिला होता, रस्त्यावर खेळण्यांची दुकानं लागत होती, बस माणसांमुळे मुंगीच्या पावलाने चालली. मी खिडकीशी बसून केबिनमध्ये टेबल कोणत्या बाजूला लावायचं ते ठरवत होते.

गॅरेजसमोर उतरले तेव्हा दुपार कलली होती. दारात नाटकाची गाडी उभी होती. मागे पडद्यांच्या वळकट्या, लोखंडी पेट्या, वर दोरीने बांधलेलं सिंहासन. क्लच जळल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मंडळीचा मॅनेजर हात जोडून उभा होता आणि माझा भाऊ त्याच्याकडे न बघता बोलत होता.

"नाई होत, भाऊ. माल नाई. दुसरीकडं पाहा."

"अरे, आता कुठं पाहू? दिघोरीले मंडप सजला. तू नाई म्हनशील त काय कराचं आमी?"

"आता नाटकाच्या गाड्या बंद केल्या म्या. फक्त मोटरसायकली घेतो."

मी त्या दोघांना ओलांडून मागच्या खोलीत गेले. रॅक रिकामा होता. इतक्या वर्षांत त्याच्या फळ्यांचा रंग कोणता हे मला माहीत नव्हतं, तो निळा होता. खालच्या खणात पट्ट्याचं एक भेंडोळं आणि काही बेअरिंगच्या रिकाम्या डब्या, बस्. खात्यात उभा राहिलेला तो सुंदर आकडा इथून निघाला होता. धंदा कमवत नव्हता, धंदा स्वतःला विकून खात होता. पोरांना मी हेच शिकवते, की मोकळा पैसा अचानक वाढला तर आधी बघा काही घेणं थांबलंय का. पण साकोलीत बसून मला फक्त बँक दिसत होती, रॅक दिसत नव्हता.

भाऊ मागोमाग आला. त्याने टेबलाचा खण उघडला आणि माझ्यापुढे चेक धरला. माझ्या नावाचा, सहीसकट.

"घे, बाई. जमले. तू दिलेले सगळे आहेत त्यात. दिवाळीलेच द्याचे होते, तू आली नाई."

"मी मागितले होते का?"

"मंग काय करून राहिली होती एवढे वर्षं?" त्याचा आवाज चढला. तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. "दर महिन्याले फोन. किती राह्यले, किती राह्यले. मले समजत नाई काय? तुह्या लग्नाचा पैसा. अख्खं गाव म्हनते. तू आकडा विचारत होती अन् मले शरम वाटत होती. म्हटलं, एकदा चुकवून टाकतो, मंग बाई मले सुखानं जेवला काय म्हनून तरी विचारल."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मला त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं आणि मी दोन्ही केलं नाही. एवढी वर्षं मी विचारत होते, मला यायला जागा झाली का? आणि तो ऐकत होता, माझे पैसे कधी देतोस? एका आईच्या पोटची दोन माणसं, दर महिन्याला फोन, आणि एकमेकांना काय हवंय याचा पत्ता नाही.

"मी नोकरी सोडली," मी म्हणाले.

"काय?"

"आज सकाळी. इथं येण्यासाठी. मला तुझ्या केबिनमध्ये बसायचं होतं, मूर्खा. आकडा वर यायची वाट बघत होते. पैसे कशाला हवेत मला?"

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "पागल आहेस काय तू? लागलेली नोकरी सोडतेत काय कोनी? मले एका शब्दानं विचाराचं होतं."

"तू मला विचारलंस?"

बाहेर मॅनेजर फोनवर कुणाला तरी दुसरी गाडी मागत होता आणि ती मिळत नव्हती, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. भाऊ ते ऐकत होता. त्याची बोटं टेबलावर वाजत होती. मी त्याला लहानपणापासून ओळखते. गाडी दारात उभी आहे आणि तो खुर्चीत बसला आहे, हे त्याला सोसवत नव्हतं. मलाही सोसवत नव्हतं, आणि ते पाहून मलाच नवल वाटलं.

"ब्रह्मपुरीला मिळेल क्लच?" मी विचारलं.

"मिळन. पन मी गेलो त गिअरबॉक्स कोन उतरवल? पोरगा एकच राह्यला, दुसरा गेला नागपूरले."

"तू उतरव. मी जाते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठला, बाहेर जाऊन मॅनेजरला काहीतरी म्हणाला, आणि कागदावर गाडीचं मॉडेल आणि क्लच प्लेटचं माप लिहून दिलं. मी चेक टेबलावरच ठेवला, त्यावर पाना ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. त्याच्या मोटरसायकलची किल्ली घेतली. दोन्ही बाजूंना धान कापून शेताच्या बांध्यांत पसरलेला होता, रस्त्यावर मंडईला निघालेल्या गाड्याच गाड्या, आणि मी साडीचा पदर खोचून मध्येच घुसत होते. राग अजून उतरला नव्हता. त्याच्यावर, माझ्यावर, वडिलांवर, त्या रकमेला माझ्या लग्नाचं नाव देणाऱ्या सगळ्यांवर.

ब्रह्मपुरीच्या दुकानदाराने प्लेट काढून काउंटरवर ठेवली. "एकच देऊ?" त्याने विचारलं.

एक घेतली असती तर काम भागत होतं. मी फळ्यांकडे बघत राहिले. मग भावाला फोन लावला. मागे हातोडीचा ठोका आणि मॅनेजरचा आवाज येत होता.

"सप्टेंबरात तू काय काय आणतोस, ते या माणसाला सांग," मी म्हणाले आणि फोन दुकानदाराच्या हातात दिला.

तो भराभर माल काढू लागला. क्लच, बेअरिंग, पंपाचे किट. कार्टनवर कार्टन चढले. मोटरसायकलवर येतील तेवढे मी घेतले, बाकीचे दुसऱ्या दिवशी टेम्पोने पाठवायला सांगितले. फोन परत घेऊन त्यावरूनच कंपनीच्या खात्यातून पैसे दिले. माझ्याच हातातला फोन वाजला, टुण. वर्षभरात उभं राहिलेलं सगळं एका टुणमध्ये खाली आलं, आणि वर्षअखेर आकडा कुठे जाणार हे मला तिथल्या तिथे दिसलं.

फोन परत कानाला लावला. भाऊ अजून लाइनवर होता.

"बाई," तो म्हणाला, "ते पैसे तुहे होते."

"आता नाहीत. सकाळी गॅरेज किती वाजता उघडतोस?"

तो रडतोय हे मला कळलं, आणि मी दुकानदाराकडे पाठ केली, कारण माझंही तेच चाललं होतं.

"साडेआठले," तो शेवटी म्हणाला. "पन मी तुले पगार नाई देऊ शकत."

"माहीत आहे," मी म्हणाले. "आकडा माझ्याजवळच आहे."